पाठनिर्णयाचें प्रामाण्य : महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा तत्त्वदृष्टीनें विचार

जुन्या पोथ्या जमविणाऱ्या आणि पाठभेद टिपणाऱ्या मंडळींत एक समज चांगलाच दृढ झालेला आढळतो. तो असा कीं, तत्त्वविचाराचा संबंध ग्रंथाच्या अर्थाशीं आहे, अक्षरांशीं नाहीं. अक्षरें वाचावीं, प्रती ताडून पहाव्या, अशुद्धें वेगळीं काढावीं आणि संहिता सिद्ध झाली म्हणजे ती तत्त्वज्ञाच्या, इतिहासकाराच्या व रसिकाच्या हवालीं करावी, अशी ही कामाची वांटणी आहे. वांटणी सोयीची खरी, आणि ज्याच्या पुढ्यांत न उलगडलेले रुमाल पडले आहेत त्याला ती दिलासा देणारीहि आहे. परंतु ती वस्तुस्थितीला धरून नाहीं. संहिता सिद्ध करणें या एका क्रियेंतच प्रमाणविचार, शास्त्र, इतिहास आणि रसदृष्टि हीं चारी एकवटलेलीं असतात. संपादकास तीं दिसत नसलीं तरी तीं आपलें काम करीतच असतात. आणि न दिसतां केलेलें काम तपासतां येत नाहीं, ही यांतील खरी अडचण आहे.

हें दाखविण्यासाठीं आम्ही डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व व त्यास त्यांनीं १९३३ सालीं जोडलेली विस्तृत प्रस्तावना पुढें घेतों. या उपक्रमाचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यांत सांगून पुरे करूं. चिकित्सित आवृत्तीची कल्पना विंटरनिट्झ यांनीं १८९७ सालीं पॅरिसच्या प्राच्यविद्यापरिषदेंत मांडली. युरोपांतील प्रयत्न पहिल्या महायुद्धांत खुंटला. १९१७ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ मध्यें तें काम अंगावर घेतलें. १९२५ पासून सुखठणकर प्रधान संपादक झाले, २१ जानेवारी १९४३ रोजीं ते निवर्तले, आणि बेलवलकर, वैद्य प्रभृति पंडितांच्या हातून १९६६ सालीं संहिता पुरी झाली. सुखठणकर केंब्रिजला गणित शिकलेले व नंतर बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखालीं तयार झालेले, ही गोष्ट मात्र ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्यांच्या प्रस्तावनेंतील वाक्यरचनेवर गणिताची छाया आम्हांस स्पष्ट दिसते.

पहिला प्रश्न असा कीं, संपादक शोधतो तें काय? ‘मूळ ग्रंथ’ असें उत्तर तोंडावर येतें. पण मूळ म्हणजे कोणतें? व्यासांच्या मुखांतून निघालेलें, वैशंपायनानें जनमेजयास ऐकविलेलें, कीं सौतीनें नैमिषारण्यांत सांगितलेलें? ग्रंथ स्वतःच आपल्या तीन कथनांची साक्ष देतो. त्यांतील कोणत्या कथनास ‘तो’ ग्रंथ म्हणावयाचें? नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर हा प्रत्यभिज्ञेचा प्रश्न आहे. काल पाहिलेला देवदत्त तोच हा, असें आपण म्हणतों तेव्हां त्याचें वय वाढलें, वस्त्र बदललें, तरी कांहीं एक टिकून आहे असें गृहीत धरतों. आदिपर्वाच्या ज्या २३५ पोथ्या सुखठणकरांच्या नजरेखालून गेल्या त्यांत १०७ देवनागरी, ३२ बंगाली, ३१ ग्रंथ लिपींतल्या, २८ तेलुगु, २६ मलयाळम, ५ नेपाळी, ३ शारदा आणि मैथिली, कन्नड व नंदिनागरी यांची प्रत्येकीं एक होती. या सर्वांस ‘आदिपर्व’ हें एकच नांव कोणत्या अधिकारानें द्यावयाचें, याचें उत्तर एकाहि पोथीच्या पानावर लिहिलेलें नाहीं. तें संपादकास द्यावें लागतें.

आमच्याच मुलखांतील दोन जुन्या संपादकांनीं या प्रश्नास दिलेलीं उत्तरें येथें शेजारीं ठेवण्याजोगीं आहेत. नीलकंठ चतुर्धर हे मूळचे गोदातीरच्या कोपरगांवचे, सतराव्या शतकांत काशीस राहून त्यांनीं ‘भारतभावदीप’ लिहिला. टीकेच्या आरंभीं ते सांगतात कीं, देशोदेशींच्या अनेक पोथ्या जमवून उत्तम पाठ निश्चित केला. म्हणजे प्रती ताडून पाहण्याची पद्धति साहेबाकडून आली असें जे समजतात त्यांनीं नीलकंठांचें हें निवेदन एकदां वाचावें. तथापि नीलकंठांचा ‘उत्तम’ आणि सुखठणकरांचा ‘जुना’ हे एक नव्हेत. नीलकंठांच्या दृष्टीनें महाभारत हें सर्व गुणांचें भांडार. तेव्हां एखाद्या प्रदेशाच्या पोथींत एखादा सुंदर प्रसंग अधिक आढळला तर तो टाकणें हेंच पाप. याच्या उलट एकनाथमहाराज. शके १५०६ मध्यें त्यांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून ती शुद्ध केली आणि पुढें कोणीं आपली ओवी तींत घालूं नये असा धाक घालून ठेविला. तेथें ग्रंथ म्हणजे एका पुरुषाची वाणी. तींत भर म्हणजे विटाळ. एकाच शतकाच्या अंतरानें दोन थोर पुरुष ‘शोधन’ या एकाच शब्दाखालीं उलट्या क्रिया करतात, आणि दोघांचेंहि वर्तन आपापल्या ठिकाणीं सुसंगत आहे. कारण भेद पद्धतीचा नसून ग्रंथाच्या स्वरूपाविषयींच्या कल्पनेचा आहे.

सुखठणकरांनीं तिसरें उत्तर दिलें. व्यासांचें मूळ तर नाहींच, पण सौतीचेंहि आम्ही सांगत नाहीं; उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारें मागें जितकें जातां येईल तितकें जाऊन जें जुन्यांत जुनें रूप हातीं लागेल तें देतों, एवढीच त्यांची प्रतिज्ञा. ही प्रतिज्ञा नम्र दिसते, परंतु तींत मोठें धाडस आहे. अशा रूपाची एकहि पोथी जगांत अस्तित्वांत नाहीं. सिल्व्हां लेव्ही या फ्रेंच पंडितानें नेमका हाच आक्षेप घेतला: कल्पित मूळाच्या मागें न लागतां नीलकंठांची प्रचलित संहिता छापावी आणि खालीं पाठभेद द्यावे, असा सल्ला त्यानें दिला. हा सल्ला अनेकांस अजूनहि शहाणपणाचा वाटतो. आम्हांस वाटत नाहीं. नीलकंठांची संहिता हीहि एक निवडच आहे. ती प्रत्यक्ष पोथींत सांपडते एवढ्यानें तिला अधिक सत्यता येत नाहीं. प्रत्यक्षापेक्षां अनुमान दुबळें, हा सामान्य नियम खरा. पण येथें प्रत्यक्ष आहे तें नीलकंठांच्या निवडीचें, महाभारताचें नव्हे. पाठभेद खालीं आणि निवड वर छापल्यानें वाचकाच्या मनांत निवडीलाच प्रामाण्य चिकटतें.

आतां अनुमानाकडे येऊं. दोन पोथ्यांत एक पाठ समान आहे, यावरून त्यांचा पूर्वज एक, असें म्हणतां येईल काय? नाहीं, कारण शुद्ध पाठ मूळापासूनच दोघींकडे आलेला असेल. समान अशुद्ध पाठ मात्र नात्याची खूण ठरतो. दोन विद्यार्थ्यांचीं उत्तरें बरोबर आलीं तर पंतोजींस संशय येत नाहीं. दोघांची चूक एकच निघाली म्हणजे येतो. तरी येथें नैयायिकांचा उपाधि मध्यें उभा राहतो. धुरावरून अग्नीचें अनुमान निर्दोष आहे, पण अग्नीवरून धुराचें नाहीं. तेथें ओलें सरपण हा उपाधि लागतो. तसेंच समान चुकीवरून समान पूर्वजाचें अनुमान करावयाचें तर ती चूक दोन लेखकांस स्वतंत्रपणें सुचण्यासारखी नसली पाहिजे. ‘च’ आणि ‘व’ यांची अदलाबदल, दोन ओळींचा शेवट सारखा असल्यामुळें नजर घसरून मधली ओळ गळणें, असल्या चुका शंभर लेखक स्वतंत्रपणें करतील. पाठचिकित्सकानें हा उपाधि प्रत्येक वेळीं तपासावा लागतो, आणि तपासतांना त्यास लिपीचा, लेखकाच्या संवयीचा व त्या काळच्या भाषेचा इतिहास ठाऊक असावा लागतो. न्यायशास्त्र आणि इतिहास हे येथें एकमेकांवांचून पांगळे आहेत.

हीच विचारसरणी शास्त्रांतहि दिसते, आणि तिचा क्रम मनोरंजक आहे. पोथ्यांचा वंशवृक्ष काढण्याची रीत स्वीडनमधील जुन्या कायद्याच्या संपादनांत १८२७ सालींच दिसते. कार्ल लाखमान यानें १८५० सालीं लुक्रेशियसचें काव्य संपादिलें. तें काव्यहि मौजेचें, परमाणुवादाचें लॅटिन पद्य. तत्त्वज्ञान, सृष्टिशास्त्र व काव्य एकत्र. उपलब्ध प्रतींतील गळालेल्या व स्थानभ्रष्ट ओळी मोजून लाखमाननें असें ठरविलें कीं, या सर्वांच्या हरवलेल्या पूर्वज-पोथीच्या प्रत्येक पानावर २६ ओळी होत्या. न पाहिलेल्या पोथीचीं पानें मोजणें ही गोष्ट त्या काळीं चमत्कारासारखी वाटली. पुढें १८५९ सालीं डार्विनचा प्राण्यांचा वंशवृक्ष आला, आणि १९५० सालीं हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञानें असा नियम मांडला कीं, जातींचें नातें ठरवितांना नव्यानें उत्पन्न झालेलीं समान लक्षणेंच धरावीं, जुनीं वारशानें आलेलीं धरूं नयेत. नवें समान लक्षण म्हणजेच पोथीशास्त्रांतील समान चूक. १९९८ सालीं तर चॉसरच्या कॅंटरबरी कथांच्या पोथ्या प्राणिशास्त्रज्ञांच्या गणनयंत्रांतून काढून त्यांचीं कुळें लावण्यांत आलीं. एका शास्त्रानें दुसऱ्याचें उसनें घेतलें असें म्हणण्यापेक्षां, उत्पत्ति आणि विकार यांविषयींचा एकच तर्क दोन ठिकाणीं प्रकट झाला असें म्हणणें अधिक बरोबर होईल.

परंतु साम्य येथेंच संपतें, आणि तें कोठें संपतें हें पाहण्यांतच महाभारताच्या संपादनाची खरी कसोटी आहे. घोड्याच्या अंगीं गाईचीं शिंगें शेजारच्या गोठ्यांतून येत नाहींत. पोथीच्या अंगीं येतात. एका शास्त्रीबोवांस काशीहून आलेली प्रत वाचावयास मिळते. त्यांना तीत चार श्लोक अधिक दिसतात. ते आपल्या पोथीच्या समासांत ते उतरवून घेतात. पुढचा लेखक समासांतील श्लोक मुखांत ओढतो. आणि हरताळ लावून मागचा पाठ पुसला गेला कीं दोन कुळांचें रक्त एका पोथींत मिसळलें. देवनागरी लिपी सर्व देशांत चालणारी, म्हणून तिच्यांतील पोथ्यांत ही मिसळ सर्वांत अधिक. सुखठणकरांची तक्रारहि तीच. सूक्ष्म जंतूंत आडवी देवघेव चालते असें आतां जीवशास्त्रज्ञहि सांगतात, तेव्हां त्यांच्या वृक्षाच्याहि फांद्या तेथें गुंतल्या आहेत. पण त्यांचा गुंता निसर्गाचा, आमचा विद्वत्तेचा. पोथी जितक्या विद्वानाच्या घरची तितकी ती भ्रष्ट असण्याचा संभव अधिक, हें संग्राहकांस कटु वाटलें तरी ऐकून ठेवण्यासारखें आहे.

मग सुखठणकरांनीं निर्णय केला कशाच्या बळावर? मुख्यतः भूगोलाच्या. भूर्जपत्रावरील काश्मिरी शारदा पोथी, जी ब्यूलरनें १८७५-७६ च्या शोधयात्रेंत मिळविली, आणि केरळांतील मलयाळम पोथ्या या देशाच्या दोन टोंकांस. त्यांत परस्पर देवघेव होण्याचा संभव अत्यल्प. त्या जेथें एकवाक्यतेनें बोलतात, आणि विशेषतः जेथें दोघीहि एखाद्या प्रसंगाविषयीं मूक आहेत, तेथें तो जुना पाठ. हें अनुमान आम्हांस बळकट वाटतें. तथापि ‘मौन’ या हेतूच्या पाठीशीं एक व्याप्ति दडलेली आहे: भारताची नक्कल करणारे भर घालीत, गाळीत नसत. ही व्याप्ति तर्कानें सिद्ध होत नाहीं. पुराणिकाचा व्यवसाय, श्रोत्यांची भक्ति, पोथी हें पुण्यसाधन असल्याची भावना, यांच्या निरीक्षणानें ती सिद्ध होते. म्हणजे ती इतिहासाची व्याप्ति आहे. दुसऱ्या जातीच्या ग्रंथास, उदाहरणार्थ वैद्यकाच्या किंवा व्याकरणाच्या पोथीस, ती तशीच लावली तर निष्कर्ष चुकतील. सुखठणकरांच्या पद्धतीचें अनुकरण करूं इच्छिणाऱ्या पुष्कळांनीं ही मर्यादा पाहिलेली नाहीं.

या अनुमानाची परीक्षा झाली, तीहि शास्त्रांतल्यासारखी. आदिपर्व प्रसिद्ध झाल्यावर नेपाळचे राजगुरु हेमराज पंडित यांच्याकडून एक जुनी पोथी उपलब्ध झाली, आणि तिचें परीक्षण सुखठणकरांनीं १९३८ च्या सुमारास प्रसिद्ध केलें. उपलब्ध आदिपर्वाच्या पोथ्यांत ती सर्वांत जुनी, असें त्यांचें मत पडलें. संपादनाच्या वेळीं जी पोथी समोर नव्हती तिनें त्यांनीं प्रक्षिप्त ठरविलेले अनेक प्रसंग वगळलेलेच निघाले. ज्योतिष्यानें आधीं गणित करून ठेवावें आणि मग ग्रहण लागावें, तसा हा प्रकार. इतिहाससंशोधनांत अशी संधि विरळा. तरी तिचा अर्थ ताणूं नये. नवी साक्ष संपादकाच्या निर्णयास अनुकूल निघाली, एवढ्यावरून प्रत्येक निर्णय सिद्ध झाला असें होत नाहीं.

कारण एक आक्षेप अद्याप उभाच आहे. जोसेफ बेदिये यानें १९२८ सालीं जुन्या फ्रेंच ग्रंथांच्या संपादकांनीं काढलेले वंशवृक्ष तपासले तेव्हां त्यास आढळलें कीं, ते बहुतेक सर्व दोनच फांद्यांचे आहेत. तीन फांद्या असत्या तर दोघींचें मत एकीवर मात करतें आणि संपादकाचे हात बांधले जातात. दोनच असल्या म्हणजे बरोबरी होते व संपादक मोकळा. निसर्गांत इतकी द्विशाखा झाडें उगवतात काय, असा त्याचा खोंचक प्रश्न होता. महाभारताचा वृक्षहि द्विशाखच आहे: उत्तरेची वाचना आणि दक्षिणेची. दोघी एक झाल्या तर प्रश्न मिटला. न झाल्या तर? तेथें सुखठणकर सामान्यतः काश्मिरी परंपरेकडे झुकतात. या झुकण्याला त्यांनीं कारणें दिलीं आहेत, पण तीं वंशवृक्षानें दिलेलीं नाहींत. तो आपली गाय दुभती म्हणून तिच्याच दुधावर विश्वास ठेवण्याचा प्रकार आहे. शिवाय त्यांच्या गटांचीं नांवें लिपीवरून पडलीं आहेत: शारदा, बंगाली, तेलुगु, ग्रंथ. लिपी आणि वाचना यांची सांगड पुष्कळ अंशीं जुळते असें त्यांनीं दाखविलें; परंतु जुळणें हा निष्कर्ष असावयास पाहिजे, तो मांडणीचा सांचा होऊन बसला कीं त्याविरुद्ध जाणारा पुरावा ‘मिश्र’ या सदरांत लोटला जातो. हा दोष आम्ही लहान समजत नाहीं.

तथापि या संपादकाची थोरवी अशी कीं, आपला संशय त्यानें लपविला नाहीं. जेथें पाठ पुरता निश्चित नाहीं तेथें त्याखालीं नागमोडी रेघ आहे. जेथें स्वतःच्या कल्पनेनें सुधारणा केली तेथें तारका आहे, आणि अशा जागा फार थोड्या. पाठभेद पानाच्या तळाशीं, मोठे प्रक्षेप परिशिष्टांत. फेंकलें कांहींच नाहीं. आमच्या मतें या आवृत्तींतील सर्वांत तत्त्वज्ञ खूण ती नागमोडी रेघ होय. ज्ञान आणि संभावना यांमधील सीमा तीनें छापखान्याच्या खिळ्यांत उतरविली. तिच्यांत उणीव एवढीच कीं, संशय आहे हें ती सांगते, संशय कोणत्या जातीचा तें सांगत नाहीं. दोन वाचना समबल म्हणून संशय, कीं अर्थ लागत नाहीं म्हणून, कीं कान कबूल होत नाहीं म्हणून? आणि संहिता भाषांतरांत उतरली म्हणजे ती रेघहि गळून पडते. उरतें तें निर्विवाद दिसणारें वाक्य.

कानाचा उल्लेख आला, तेव्हां रसदृष्टीविषयीं बोलणें प्राप्त आहे. दोन पाठांपैकीं जो कठीण तो जुना, असा चिकित्सकांचा एक नियम आहे. कारण लेखक कठिणाचें सोपें करतो, सोप्याचें कठीण करीत नाहीं. महाभारतांत याची प्रचीति पदोपदीं येते. जुन्या आर्ष रूपांच्या जागीं पाणिनीस मान्य रूपें बसविलेलीं, एक अक्षर अधिक असलेला चरण कापून सरळ केलेला, दोन स्वरांमधील फट ‘च’ किंवा ‘हि’ घालून बुजविलेली, हीं सर्व कामें सुसंस्कृत रसिकांचीं. अर्थात् उत्तरकालीन काव्यावर पोसलेली आमची रुचि ज्या पाठास गोड म्हणते तोच बहुधा नवा असतो. मग रुचीस बहिष्कार घालावा काय? तसेंहि नाहीं. ‘कठीण’ आणि ‘निरर्थक’ यांतला भेद ओळखण्यास रुचीच लागते. क्षेमेंद्राचें उदाहरण घ्या. औचित्य हें काव्याचें जीवित म्हणणारा हा अकराव्या शतकांतला काश्मिरी पंडित. त्याचीच ‘भारतमंजरी’ सुखठणकरांनीं काश्मिरी वाचनेची साक्ष म्हणून वापरली. साक्षीदार स्वतः रसशास्त्री असल्यामुळें त्याच्या मौनाचा अर्थ दुहेरी होतो: प्रसंग त्याच्या पोथींत नव्हता, कीं होता पण त्यास अनुचित वाटून त्यानें गाळला? जावा बेटांतील गद्य आदिपर्वाचें मौन या बाबतींत अधिक विश्वासाचें, कारण तेथें कवि कमी आणि कथेकरी जास्त.

रुचीचा व भक्तीचा सर्वांत मोठा झगडा उडाला तो दोन प्रसंगांवर. गणपतीनें व्यासांचा लेखक होण्याची कथा आदिपर्वाच्या मुख्य संहितेंतून निघून परिशिष्टांत गेली. सभापर्वाच्या संपादनांत एजर्टन यांनीं द्रौपदीचा कृष्णधांवा खालीं उतरविला. मुख्य संहितेंत वस्त्रें निघत जातात, पण तीं कोणीं पुरविलीं याचा उच्चार नाहीं. कीर्तनांत वाढलेल्या मनास हें रुक्ष वाटतें, आणि आम्ही तें समजूं शकतों. उलट कांहीं आधुनिक रसिक असें म्हणतात कीं, कर्त्याचें नांव नसल्यानेंच प्रसंग अधिक भव्य झाला. म्हणून तोच मूळ. आम्हांस दोन्ही पक्ष सारखेच अग्राह्य वाटतात. धांवा गेला तो नीरस होता म्हणून नव्हे, आणि मौन राहिलें तें भव्य होतें म्हणून नव्हे. पोथ्यांची साक्ष तशी पडली म्हणून. रसदृष्टीस तिचा अधिकार समबल पाठांच्या वेळीं मिळतो, त्याआधीं नाहीं. आणि परिशिष्टांत गेलेला धांवा खोटा ठरला असेंहि नाहीं. तो महाभारताच्या जुन्यांत जुन्या उपलब्ध रूपाचा भाग नाहीं, इतकेंच ठरलें. शतकानुशतकें लोकांनीं तो म्हटला, हें त्याचें ऐतिहासिक सत्य अबाधित आहे.

सुखठणकरांच्या स्वतःच्या मनांत या दोन सत्यांचा मेळ कसा बसला होता? १९४२ सालीं मुंबई विद्यापीठांत महाभारताच्या अर्थावर चार व्याख्यानें देण्याचें त्यांनीं योजिलें. तीन झालीं, चौथ्यापूर्वींच मृत्यु आला, आणि तीं १९५७ मध्यें छापून निघालीं. त्यांत ते ग्रंथ लौकिक, नैतिक व आध्यात्मिक अशा पातळ्यांवर वाचतात आणि त्याच्या एकत्वाचा कैवार घेतात. ज्यानें जन्मभर थर सोलले त्यानें अखेरीस एकत्वाचें समर्थन करावें, यांत कित्येकांस विसंगति दिसली. आम्हांस विसंगति दिसत नाहीं, पण एक रिकामी जागा दिसते. पोथ्यांच्या साक्षीनें सिद्ध झालेलें रूप पाऊण लाख श्लोकांच्या आसपासचें आहे. त्या रूपांतहि मागील अनेक थर असणारच, हें त्यांनीं स्वतः मान्य केलेलें. तेव्हां तें ‘एक’ आहे, हें विधान पाठचिकित्सेचें नव्हे, तात्पर्यनिर्णयाचें आहे. मीमांसकांनीं उपक्रम-उपसंहारादि लिंगांनीं तात्पर्य ठरविण्याची रीत घालून दिली आहे. तिचा उपयोग करतांना उपक्रम कोणत्या पोथीचा, हें आधीं विचारावें लागतें. आदिपर्वाचा संपादक या प्रश्नास जितका जागा होता तितका तो व्याख्याता नाहीं. संपादनांत प्रत्येक अक्षराच्या पाठीशीं साक्षीदार उभा करणारा पुरुष अर्थाच्या प्रांतांत शिरल्यावर साक्षीदारांस बाहेर उभें करतो, आणि दोन कामांना जोडणारा पूल वाचकानेंच बांधावयाचा राहतो.

आतां संग्राहकांच्या बाजूनें पाहूं. पास्क्वाली या इटालियन पंडितानें १९३४ सालीं सप्रमाण मांडलें कीं, अलीकडची पोथी म्हणून ती वाईट असें समजूं नये. महाभारतांत तर हें ढळढळीत आहे. काश्मिरी परंपरा जपणाऱ्या पोथ्या कांहीं फार जुन्या नाहींत, पण त्यांचा वंश जुना. पुष्पिकेंतील शक पाहून किंमत ठरविणारा संग्राहक कागदाचें वय पाहतो, पाठाचें नव्हे. आणि पाठाचें वय ज्यावरून कळावयाचें त्या खुणा, म्हणजे पोथी कोणत्या गांवची, कोणाच्या घरची, कोणत्या रुमालांत कोणत्या ग्रंथांच्या शेजारीं होती, त्याच प्रथम नष्ट केल्या जातात. सुट्या पानांचा एक गठ्ठा चार पिशव्यांत विषयवार लावला म्हणजे कपाट शोभतें. काश्मीर आणि केरळ यांच्या एकवाक्यतेचें अनुमान ज्या प्रकारच्या माहितीवर उभें राहिलें ती माहिती मात्र गेली.

आणखी एक गोष्ट. आदिपर्वाच्या २३५ पोथ्यांपैकीं सुमारे ६० च पाठभेदांसाठीं निवडल्या गेल्या. गळालेल्यांत मोठी संख्या मिश्र देवनागरी पोथ्यांची. जुन्यांत जुनें रूप शोधणाऱ्यास त्या निरुपयोगी, हें न्याय्यच होतें. पण मुक्तेश्वरांनीं सतराव्या शतकांत ज्या पर्वांवर रचना केली, त्यांतील आदि, सभा, वन, विराट व सौप्तिक हीं आज उपलब्ध आहेत. मोरोपंतांनीं अठराव्या शतकांत बारामतीस बसून आर्याभारत रचिलें. या दोघांच्या पुढ्यांत संस्कृत महाभारत होतें तें पुण्याच्या चिकित्सित संहितेचें नव्हे. नीलकंठी तरी, कीं महाराष्ट्रांतल्याच एखाद्या मिसळलेल्या देवनागरी पोथीचें? मुक्तेश्वरांच्या सभापर्वांतील अधिक प्रसंगांची यादी करून ती सभापर्वाच्या परिशिष्टाशीं व तळटीपांतील देवनागरी प्रतींशीं ताडून पाहिली, तर कवीची स्वतःची कल्पना कोणती आणि त्याच्या पोथीनें त्यास दिलेलें कोणतें, हें बऱ्याच अंशीं वेगळें करतां येईल. साधनें छापून तयार आहेत. पैठण, नाशिक, वाई या बाजूच्या घराण्यांतून आलेल्या ज्या भारताच्या पोथ्या ‘मिश्र व अर्वाचीन’ असा शेरा मारून बाजूस ठेवल्या असतील त्या या कामीं प्रथम उघडाव्या लागतील.